पाटावरचा पॉवर सप्लाय

सूनबाई घरी कॉम्प्युटरवर भरतकामाची डिझाइनं काढते. ते मशीन मधेच बंद पडायचं आणि तिची मेहनत वाया जायची.

देवासचा दुकानदार म्हणाला, “काकाजी, प्रोसेसर और पॉवर सप्लाय दोनों ढीले हैं, नया कम्प्यूटर ही ले लो.”

मी म्हटलं, “नको भिया. प्रोसेसर वापरलेला दे, पॉवर सप्लाय तेवढा कोरा दे.”

घरी आणला तर पॉवर सप्लायचा डबा आमच्या कॉम्प्युटरच्या लहान कॅबिनेटात मावेना. सून म्हणाली, “मामंजी, परत करू या.”

घेतलेली वस्तू परत न्यायला मी जात नाही. तो बाहेरच जेवायच्या पाटावर ठेवला आणि वायरी मागून आत घेतल्या.

“जावयासारखा बसवलात, आता ताट वाढू का?”

“आधी काम कर.”

संध्याकाळपर्यंत मशीन एकदाही बंद पडलं नाही. दिवाळीत एक पाट कमी पडला, तेव्हा मी जमिनीवर बसून जेवलो. त्याला उठवलं नाही.