पेंडीची कमान

माझ्या बहिणीच्या लग्नाची कमान घोड्याने खाल्ली.

ऐंशीच्या दशकात मी डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत नोकरीला होतो, त्यामुळे आपण शास्त्रज्ञ आहोत असा माझा प्रामाणिक समज होता. (कंपनीचा तसा समज नव्हता.) परदेशात ऑलिव्हचं तेल काढून उरलेल्या चोथ्यापासून खोकी आणि भिंतींचे तक्ते बनवतात, असं कुठल्याशा मासिकात वाचलं आणि माझी झोपच उडाली. ऑलिव्ह डोंबिवलीत कोणी पाहिलं नव्हतं, मीही नाही. पण सासऱ्यांचा कल्याणला शेंगदाण्याच्या तेलाचा घाणा होता आणि तिथे पेंडीची पोती छतापर्यंत रचलेली असायची!

मी पेंड कुटली, त्यात लाकडाचा भुसा घातला, चिकटपणासाठी काकवी ओतली आणि गच्चीवर तक्ते वाळवले.

"अहो, शेंगदाणा आणि गूळ," बायको म्हणाली. "हा तक्ता आहे की चिक्की?"

सासऱ्यांनी मात्र तक्ता ठोकून पाहिला. "जावईबापू, लाकडासारखा टणक, वर फुकटचा माल. मग घोडं पेंड कुठे खातं?"

"कुठेच नाही!" मी छाती काढून म्हणालो.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचं, मंदाचं लग्न ठरलं. मांडवाची कमान माझ्याच तक्त्यांची होणार, हे मी जाहीर करून टाकलं.

"दादा, माझ्या लग्नात प्रयोग नको ना रे!"

"अगं, उद्या अख्खं ठाणं पेंडीच्या घरांत राहील, तेव्हा अभिमान वाटेल तुला!"

नवरदेव ठाण्याच्या टेंभी नाक्याचे, भलतेच हौशी. मांडवात येणार तर घोड्यावरूनच, असा त्यांचा हट्ट. बँड वाजत वरपक्ष आला, मुहूर्त जवळ आला आणि घोडा कमानीपाशी थांबला. त्याने हुंगलं. डाव्या खांबाचा सोनेरी कागद चाटला. मग खांबाचा एक भला मोठा घास घेतला!

घोडेवाल्याने लगाम ओढला, तर घोड्याने मागचे पाय झाडले. "मला उतरवा!" नवरदेव मुंडावळ्यांआडून ओरडले. बँडवाल्यांना वाटलं, घोडा नाचतोय. त्यांनी जोर वाढवला.

"अरे, ओढ ना त्याला!" मी किंचाळलो.

"नहीं हिलेगा साब! पहली बार किसी शादी में घोडे को खाना मिला है!"

"मुलाला आणा, मुहूर्त टळतोय!" भटजी माइकवरून ओरडू लागले.

"आमचा मुलगा दारात ताटकळतोय," विहीणबाई कडाडल्या, "आणि तुमच्याकडे आधी घोड्याची पंगत?"

पिवळ्या साडीतली मंदा बाहेर धावत आली. डोळे डबडबलेले. "दादा, आज माझं लग्न लागलं नाही ना, तर मी जन्मभर तुझ्याच घरी राहीन!"

ही धमकी ऐकून बायको माझ्याआधी हलली. तिने उजव्या खांबाचा एक तक्ता उपटला आणि माझ्या हातात कोंबला. "चला, व्हा पुढे!"

मी तक्ता धरून उलटा चालत मांडवात शिरलो. मागोमाग घोडा, घोड्यावर नवरदेव, मागे बँड. दोन्ही पाय गेलेली कमान 'सुस्वागतम'सकट विहीणबाईंच्या पुढ्यात कोसळली! घोडा थेट बोहल्याशी आला आणि नवरदेव घसरत पाटावर उतरले. प्रत्येक 'सावधान'ला लोक अक्षता वधूवरांवर टाकत होते आणि बघत होते घोड्याकडे. मंदाच्या गळ्यात हार पडला तेव्हा मला हुंदकाच फुटला. (डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. तक्ता अजून संपायचा होता.)

मंदाचा संसार छान चाललाय. ठाण्यात पेंडीच्या घरात कोणी राहत नाही. पण आजही घरात कसलं तरी काम अडतं आणि कोणीतरी विचारतंच, "पण घोडं पेंड खातं कुठे?" मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात.

मी खालमानेने सांगतो, "डाव्या खांबापाशी."