फळ्यावरची बातमी

संपादकाच्या खुर्चीत मी तीस-एक वर्षं काढली. या काळात धमक्या खूप ऐकल्या. वृत्तपत्रस्वातंत्र्यावर भाषणंही भरपूर ठोकली. घाबरलो क्वचितच. तापट माणसाला घाबरायला सवड मिळत नाही.

आमच्या एका बातमीदार मुलीनं साखर कारखान्याची बातमी आणली होती. मळीचं पाणी थेट नदीत सोडलेलं, काठावर मेलेल्या माशांचा खच. फोटो होते, गावकरी नावानिशी बोलले होते. बातमी पहिल्या पानावर घेतली, फक्त मुलीचं नाव मी काढलं. तिच्या वडिलांचा ऊस त्याच कारखान्याला जायचा. चेअरमननं मनात आणलं तर त्यांची तोड लांबवली असती आणि ऊस रानातच वाळला असता.

सकाळी बघतो तर शहरात आमचा अंक नाही. चेअरमनच्या माणसांनी विक्रेत्यांकडून गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेतले होते. माझं डोकं फिरलं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्या गड्याला कळायला हवं होतं.

कचेरीजवळच्या तालमीबाहेर फळा आहे. त्यावर कुस्त्यांचं मैदान, निधन, अभिनंदन आणि दुसऱ्या पेठेला टोमणे, सगळं लिहिलं जातं. मी वस्तादांना गठ्ठ्यांचा प्रकार सांगितला आणि कचेरीत उरलेला अंक हातात दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला.

"अंक उचलत्यात व्हय? फळा उचला म्हणावं आता," म्हणाले आणि खडू मागवला.

आता कोल्हापुरात एका तालमीनं लिहिलं म्हटल्यावर दुसरी गप्प बसते होय? पुढच्या पेठेनं तीच बातमी दुप्पट मोठ्या अक्षरात लिहिली. तिसऱ्यांनी तर माशांचं चित्रही काढलं. दुपारी चेअरमनचा फोन आला, "फळे पुसायला सांगा." मी म्हटलं, "तालमीत जाऊन तुम्हीच सांगा की." मला मनापासून आनंद झाला होता.

संध्याकाळी मुलीचे वडील आले. मागं ती, मान खाली घालून. मला वाटलं, ते तिची नोकरी सोडवायला आलेत.

"साहेब, तीन पेठा फिरून आलो. समद्या बोर्डावर बातमी हाय. पोरीचं नाव कुठंच न्हाय."

"तुमच्या उसासाठीच काढलं."

"ऊस माझा हाय. मी बघतो की. तुमी मला इचारलं व्हतं? तिला तरी इचारलं व्हतं?"

मी तिच्याकडं पाहिलं. "मला नाव हवं होतं, सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीच बातमी पुन्हा छापली, मथळ्याखाली तिचं नाव ठळक घालून. त्या हंगामात त्यांचा ऊस गावात सगळ्यात शेवटी तुटला. तोवर तिनं त्या कारखान्याच्या आणखी बातम्या दिल्या. प्रत्येकीवर तिचं नाव होतं.