करवतमामांनी विचारलं तेव्हा

करवतमामा प्लग हुंगायचे. झाडं कापायची आमची पेट्रोलवरची करवत रुसली की ते आधी खिशातून पाना काढायचे, प्लग उघडायचे, नाकाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. मग तिची दोरी शेवटची कुणी ओढली त्याचं नाव सांगायचे. एकदा मी गंमत म्हणून दोन गड्यांना कुणाला न सांगण्याची शपथ घातली, एकाला चोक लावायला सांगितला आणि दुसऱ्याला दोरी ओढायला. मामांनी प्लग हुंगला आणि म्हणाले, "ओढली यानं. पण चोक त्यानं लावलाय." त्यातला एक गडी रायगडकडचा होता. दुसऱ्या दिवसापासून तो मामांच्या नजरेला नजर देईनासा झाला.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी भाईंदर पश्चिमेला एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होतो. सोसायट्यांमधल्या फांद्या छाटायच्या, पडलेली झाडं हलवायची, असं काम. मामा रत्नागिरीकडचे, पन्नाशी उलटलेले, अंगानं काटकुळे. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे, तरी मला 'साहेब' म्हणायचे. त्या 'साहेब'मध्ये चिमूटभर चेष्टा असायची आणि ती मला आवडायची.

मशीनला ते बाईमाणसासारखं वागवायचे. "थंड असली म्हणजे तहानलेली असते, साहेब. चोक लावून पाजायचं. एकदा खोकली की बस. त्याच्यापुढं पाजलंत तर पिऊन पडते. मग प्यायलेल्याला आणखी पाजतात काय? चोक उघडायचा, प्लग काढायचा, उलटी धरून ओकू द्यायची." दोन्ही वेळा मशीन बाहेरून सारखीच मुकी दिसते, उपाय मात्र एकदम उलटे. म्हणून मामा कुणाला काही विचारत बसायचे नाहीत. आधी प्लग उघडायचे.

मशीन ओकून झाली की तिला दम द्यायचा, म्हणजे पाच-दहा मिनिटं वाळू द्यायची. तेवढा वेळ ते कुणाला बोलू द्यायचे नाहीत. चेणे गावात एका बंगल्याच्या आवारात आम्ही साग कापत होतो, तेव्हा असेच सगळे गप्प बसलो होतो. पाखरू नाही, वारा नाही. मी कुजबुजलो, "मामा, बोललं म्हणून काय बिघडतं?" ते म्हणाले, "आपण बोललो की दुसरं कायतरी बोलत असतं ते ऐकू येत नाय." अर्धवट कापलेल्या बुंध्यात बारीक कडकड चालू होती. मामांनी आम्हाला मागे घेतलं आणि दोन मिनिटांत ते झाड, कुणीही हात न लावता, आम्ही बसलो होतो तिथेच आडवं झालं. तेव्हापासून मामा गप्प म्हणाले की मी श्वाससुद्धा जपून घ्यायचो.

आता त्या दुपारचं सांगतो. बायकोलाही हे मी सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरचं ऊन होतं. पान हलत नव्हतं, आणि तरी मशीन ठेवायच्या आमच्या गाळ्यापासून दहा मिनिटांवरच्या सोसायटीतला जुना गुलमोहर उन्मळला. गटार खणताना त्याची मुळं तुटली होती. तो पडला तो थेट गेटाजवळच्या पत्र्याच्या केबिनवर, आणि आत वॉचमनचाचा होते. सेक्रेटरी शेठचा मला फोन आला. मामा जेवायला खोलीवर गेले होते. ती खोली त्या सोसायटीच्या मागेच, म्हणून शेठनी त्यांच्याकडेही माणूस पिटाळला.

मी गाळा उघडून मशीन बाहेर काढली. मामांची ताकीद होती, मी नसताना तिला हात लावायचा नाही. पण मला वाटलं, चालू होतेय का बघून घेऊ, तिथं गेल्यावर खोळंबा नको. खरं सांगायचं तर तिथं पोचल्या पोचल्या एका झटक्यात ती मीच चालू करावी, सगळ्यांनी बघावं, असं मनात होतं. चोक लावला आणि दोरी ओढत सुटलो. ती एकदा खोकली. मला कळलं ते, पण हात थांबला नाही. वीस वेळा ओढली असेल, पंचवीस वेळा. मग बोटांना पेट्रोलचा वास यायला लागला तेव्हा तिला तशीच उचलून रिक्षात टाकली.

मामा माझ्याआधी येऊन उभे होते. उजव्या हाताला आमटी तशीच लागलेली. गडी कोयत्यानं बारक्या फांद्या तोडत होते. केबिन दिसतच नव्हती, नुसता हिरवा ढीग. आणि त्या ढिगातून आवाज आला, अगदी रोजचा, गेटावर गाडीचा नंबर विचारावा तसा: "चालू हुआ क्या, भाई?"

"अभी होगा, चाचा," मामा म्हणाले. त्यांनी मशीन माझ्याकडून घेतली. हात सवयीनं खिशातल्या पान्याकडे गेला. मग त्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी पाहिलं, आणि माझ्याकडे.

"साहेब, हात लावलात का हिला?"

भोवती तीस-चाळीस माणसं होती.

"नाही," मी म्हणालो. "आत्ताच काढून आणली."

पान्याकडे गेलेला हात परत आला. मामांनी चोक लावला.

त्यांनी आठ-दहा वेळा ओढली. प्यायलेलीला आम्ही दोघं मिळून आणखी पाजत होतो, आणि हे फक्त मला माहीत होतं. "अरे, चालू करो ने जल्दी," शेठ म्हणत होते. ढिगातून पुन्हा तेच, तितक्याच शांतपणे, "चालू हुआ क्या?" मी वाकून एक फांदी बाजूला ओढायला लागलो.

मग मामा थांबले आणि त्यांनी प्लग काढला. तो ठिबकत होता. त्यांनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले. उघडले तेव्हा सरळ माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. दार उघडावं आणि आत भलतंच कुणी बसलेलं असावं, तसं.

मग त्यांनी मशीन उलटी धरली, दोरी ओढून सगळं पेट्रोल ओकवलं, प्लग सदऱ्यानं पुसून उन्हात धरला. आता दम देणं आलं. "गप्प राहा सगळे," ते म्हणाले. शेठही गप्प झाले. गड्यांचे कोयते थांबले. त्या शांततेत मी ढिगाकडे कान देऊन उभा होतो, आता विचारतील, आता विचारतील. मामा प्लगकडे बघत नव्हते. तेही ऐकत होते. कुणीच काही विचारलं नाही.

मशीन पहिल्या झटक्याला चालू झाली.

चाचांना बाहेर काढलं तेव्हा ते गेले होते. संध्याकाळी त्यांचा भाऊ आला. गर्दीतल्या बऱ्याच जणांनी फांद्या तोडण्याच्या गोंगाटात चाचांचा आवाज ऐकलाच नव्हता. कुणीतरी त्याला म्हणालं की सगळं जागच्या जागी झालं. त्यानं खात्री करून घ्यायला माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हां, तुरंत. उनको कुछ पता ही नहीं चला." मामा माझ्या शेजारी उभे होते. पुढे होऊन ते म्हणाले, "नाय. जिंदा थे. मशीन मेरी थी, देर मेरे से हुई." भावानं काय काय ऐकवलं ते मामांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही.

आठवड्यानं ते गाळ्याची किल्ली द्यायला आले. गावी निघाले होते. मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी..."

"ऱ्हाऊ द्या, साहेब. माझा हात पान्यावर गेला होता. घाई होती, म्हणून प्लग न बघता तुमच्या शब्दावर गेलो." किल्ली टेबलावर ठेवून ते पायऱ्या उतरले. पुढे मी ते काम सोडलं, एका कंपनीत स्टोअर्सला लागलो. खिडकीखाली कुणी मोटरसायकल सुरू करत असेल आणि ती पकडत नसेल तर मी अजून हातातलं काम थांबवून उभा राहतो. ती पकडल्यानंतरही बराच वेळ कानांत काहीतरी विचारल्यासारखं होत राहतं.

मागल्या वर्षी मामा वारल्याचं कळलं. मी बाराव्याला त्यांच्या गावी गेलो. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, लाकडाच्या वखारीत काम करतो. जेवणं झाल्यावर ओटीवर बसून तो वडिलांच्या गोष्टी सांगत होता आणि हसत होता. "काय सांगू तुम्हाला, मी पंपाला तेल घातलं म्हटलं तरी झाकण उघडून बघायचे. आई म्हणायची गॅस बंद केलाय, तरी उठून बघणार. एवढा प्रेमळ माणूस, पण आमच्या बाबांचा आयुष्यात कुणावर विश्वास म्हणून नव्हता बघा."

"होता," मी म्हणालो. "माझ्यावर होता."

तो हसायचा थांबला. आणि मी त्याला सगळं सांगितलं.