काजूच्या खोडातले शिसे

शिकारीमामांचा डावा हात नेहमी कोणाच्या तरी मानेवर असे. जखमी डुकराची मान त्या हाताने जमिनीला दाबून ते उजव्या हाताने कोयता चालवीत. भांडणात माणसाच्या मानेवरही तोच हात पडे. मिठबावला मासळीच्या एका दलालाला त्यांनी तसाच धरून बांगड्यांच्या पाटीत तोंडघशी पाडले होते. "मास्तरानू, आदी मान धरूची, मगे बोलूचा," असे ते मला, शेजारच्या विज्ञानशिक्षकाला, समजावीत.

त्यांचे नाव अंतोन. धाकट्या भावाचे जुजे. दोघांकडे ठासणीच्या बंदुका होत्या. अशा बंदुकीची गोळी घरीच ओततात. चिमट्यासारख्या लोखंडी साच्यात वितळलेले शिसे ओतायचे. प्रत्येक बंदुकीचा साचा वेगळा. पारधीचा नियमही सांगितला पाहिजे. ज्याची गोळी लागली तो "बार माझो!" असे ओरडतो आणि मग कोणी वाद घालीत नाही.

एका पारधीत काजूची जाळी हलली आणि दोघा भावांचे बार एकदम उडाले. जाळीत मामांचा तरुण मुलगा फ्रान्सिस होता. जनावर उठवायला हाका घालीत तो फार पुढे आला होता. गोळी त्याच्या गळ्यातून आरपार जाऊन मागच्या खोडात रुतली. जुजे आधी पोहोचला. त्याने मुलाला पाहिले, मागे वळला आणि ओरडला, "बार माझो!" मामांनी बंदुकीच्या दस्त्याने त्याचे नाक फोडले, दात पाडले. जुजेने हात वर केला नाही. खटला अपघात म्हणून मिटल्यावर तो आपली बंदूक घेऊन कायमचा आफ्रिकेत, मोंबासाला गेला. मामांनी खोडातले शिसे कोयत्याने कोरून काढून जपून ठेवले आणि स्वतःचा साचा खाडीत फेकला. पुढे ते काडतुसाच्या बंदुकीने शिकार करू लागले.

दोन हजार एकच्या सुमारास जुजे वारला. मागे बायको होती, मूलबाळ नव्हते. तिकडे घेतलेल्या दोन धरून आपल्या तिन्ही बंदुका त्याने मामांच्या नावे ठेवल्या होत्या.

"ज्याचा नाक मी फोडलंय, तो माका बंदुको कित्याक देता?" मामांनी मला विचारले. आणि मग हळूच, "मास्तरानू, बार तेचो होतो काय माझो?"

ते ठरवायला जुजेचा साचा हवा होता, आणि तो बंदुकांबरोबरच येणार होता. कायद्याने एका माणसाला तीनच बंदुका ठेवता येत, म्हणून मामांनी स्वतःची पोलिसांत जमा केली. वारसाचा दाखला, तिथल्या पोलिसांची संमती, दिल्लीची आयात परवानगी, असे एकेक मिळवण्यात दोन पावसाळे गेले. अखेर गोव्याच्या बंदरात पेटी उघडली, तेव्हा जकातीच्या कारकुनाने साचा भंगार म्हणून बाजूला टाकला. तत्क्षणी त्याची मान मामांच्या हातात गेली. "बंदुको ठेय तुका! माका चिमटो दी!" शिपायांनी मामांना भिंतीवर आपटले. ओठातून रक्त गळत असतानाही त्यांनी साचा सोडला नाही.

रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेत मी त्या साच्यात गोळी ओतली. एका साच्यातल्या गोळ्या वजनाने सारख्या असतात, आणि शिसे चेपले तरी त्याचे वजन बदलत नाही. तराजूच्या एका पारड्यात नवी गोळी ठेवली, दुसऱ्यात खोडातली. खोडातली खाली गेली. मी पारडी बदलून पुन्हा पाहिले. तीच खाली गेली.

"झाडात झिजला आसतला," मामा म्हणाले.

"झिजले तर हलके होईल, मामा. जड होणार नाही."

मग भिंतीवर त्यांनी इतक्या जोराने डोके आपटले की मला त्यांना कवेत धरून आवरावे लागले.

तिन्ही बंदुका त्यांनी पोलिसांत जमा केल्या आणि मोंबासाला जायला पासपोर्ट काढला. मालवणच्या एसटी स्टँडवर मी म्हणालो, "या वयात एवढा प्रवास? फोन करा ना."

"फोनार नाय. भावजयेच्या समोर उभो रवान सांगूक व्हया, तुझ्या घोवान कोणाक मारूक नाय."

ते परतले नाहीत. पुढच्या वर्षी तिकडेच तापाने गेले. जुजेच्या कबरीशेजारची जागा भावजयीने स्वतःसाठी राखली होती. तिने ती त्यांना दिली.