कुलपातलं पाणी
ब्लीचिंग पावडरचा वास आला की मला गाझियाबादजवळची ती वस्ती आठवते. पाइप फुटून नळाला गढूळ पाणी आलं होतं, मुलं आजारी होती आणि पालिकेच्या मदतीला टेरिटोरियल आर्मीतले एक मराठी मेजर आले होते. एरवी पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, वर्षातले काही आठवडे वर्दीत. दिल्लीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मी त्यांच्याबरोबर नोंदी करायला गेलो होतो. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन पोचलं, पाणी ठीक. शेवटच्या घराला कुलूप होतं. मला पुढच्या गल्लीची घाई होती, म्हणून शेजारच्यांसारखंच ‘ठीक’ लिहून टाकलं. मेजर म्हणाले, "कुलपातलं पाणी कसं पाहिलंस रे?" "सर, लाइन एकच आहे ना..." "अच्छा! साहेब व्हायच्या आधीच साहेबांसारखं लिहायला लागलास." मी पायरीवर थांबून राहिलो. दुपारी घरातली बाई आली, कडेवर तापलेलं मूल. नळ सोडला, थेंब टाकले, रंग आलाच नाही; शेवटच्या घरापर्यंत क्लोरीन पोचलंच नव्हतं. तिने मुलासाठी भरलेला पेला मी घाईने ओतून टाकला आणि ‘ठीक’ खोडलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी लिहिलेलं घरचे न वाचताच खरं मानतात, आणि हल्ली त्याचीच मला धास्ती वाटते.