भोंगा होईपर्यंतचं नाटक

माझ्या आत्याचं एक नाटक पुस्तकात छापलेलं आहे. वर तिचं नाव आहे, खाली तिचं नाटक आहे, आणि शेवटच्या दीड पानात तिच्याच थोबाडीत मारलेली आहे. हे मी कुठे बोलले की लोक म्हणतात, "अहो, पण छापलं ना? कितीजणींचं छापून येतं?" असं म्हणणाऱ्याच्या घरी जाऊन मी त्याच्या आईचा फोटो उलटा टांगते आणि म्हणते, पण टांगला ना? चालेल?

आत्या धुलाई कारखान्यात होती. शहरातल्या इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे गठ्ठ्यागठ्ठ्यांनी यायच्या. एका खात्यात धुवायच्या, दुसऱ्यात कडक व्हायला कांजी द्यायची, तिसऱ्यात गरम रोलरमधून काढायच्या. आत्या कांजीच्या खात्यात. म्हणून तिला सगळे कांजीबाई म्हणत, आणि तिचा स्वभाव पाहता दुसरं काही म्हणणं शक्यही नव्हतं. चादर वाकेल, पण आत्या वाकणार नाही. बाबा गेल्यावर ती, आई आणि मी एकाच खोलीत राहिलो. मधे एक पडदा होता, तोही कारखान्यातून बाद झालेल्या चादरीचा. आई तिला वन्सं म्हणायची, ती आईला वहिनी. दोघी भांडायच्या तेव्हा आधी पडदा सारायच्या. पडद्याआडून भांडण्यात मजा नाही, असं आत्या म्हणायची.

आईही त्याच कारखान्यात, रोलरवर. रोलरच्या तोंडाशी बोटं जाऊ नयेत म्हणून लोखंडी जाळी असायची. चादर जाळीला अडकते, काम मागे पडतं, म्हणून मुकादमाने ती काढून कोपऱ्यात उभी करून ठेवली. मग व्हायचं ते झालं. आईच्या उजव्या हाताची बोटं चादरीबरोबर आत गेली.

पट्टी बांधलेला हात घेऊन आई परत कामावर गेली त्या दिवशीचं मला आत्यानेच सांगितलं. मी तेव्हा कारखान्यात नव्हते. जेवणाची सुट्टी संपत आली होती. मुकादमाने सगळ्या बायकांना आवारात गोळा केलं आणि आईला मधे उभं केलं. म्हणाला, "सगळ्यांसमोर सांग, चूक माझी होती, मी गप्पांत होते. एवढं म्हण, घड्या घालायचं हलकं काम देतो." आई गप्प. तो म्हणाला, "बोल." आई गप्प. "बोल!" आणि भोंगा झाला.

भोंगा झाला की पाय आपोआप आत जातात. कोणाला वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण पाय गेले. आत्याचेही गेले. आवारात आई एकटी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिला फाटकातून आत घेतलं नाही.

आत्या त्यानंतर कितीतरी दिवस पडदा सारायची नाही.

त्याआधीही ती सुट्टीत नकला करायची. मुकादम कसा चालतो, मालकाची बायको नाकाला रुमाल लावून चादरी कशी बघते, असलं काहीबाही. आता तिने नाटकं बसवायला घेतली. एकांकिका हा शब्द आम्हाला नंतर कळला. आम्ही 'सुट्टीतलं' म्हणायचो. "आज सुट्टीतलं आहे गं, डबा लवकर आवर." चादरींच्या ढकलगाड्या आडव्या लावल्या की रंगमंच, त्यावर ओली चादर टाकली की पडदा. आईच्या जागी कारखान्याने पुढे मलाच घेतलं, आणि आत्याने मला मुकादम केलं. मी बुटकी म्हणून उलट्या बादलीवर उभी राहून दम द्यायची. बायका हसून हसून डबे सांडायच्या.

आईवरचं नाटक बसवण्याआधी आत्याने आईला विचारलं. मी तिथेच होते.

"वहिनी, तुझं करते आहे. करू ना?"

आई म्हणाली, "करा वन्सं. पण मी बोलले नव्हते. तेवढं बदलू नका."

"माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही."

म्हणून ते नाटक "बोल"वर थांबतं. बादलीवरून मी शेवटचं "बोल" म्हणायची, आणि खरा भोंगा व्हायचा. मालकाचा, विजेवर चालणारा, कानाचे पडदे फाडणारा. आम्ही नाटकातल्या बायका आत जायचो, बघणाऱ्याही आत जायच्या, आणि नाटकात आई झालेली, धुण्याच्या खात्यातली धोबीणकाकू आवारात एकटी उभी राहायची. त्या दिवशी मशीनवर कोणी कोणाशी बोलायचं नाही. आई फाटकाच्या गजांबाहेरून बघायची आणि निघून जायची. सगळं नाटक आत्या भोंग्याच्या हिशेबाने लिहायची. कोणी विचारलं शेवट कुठे आहे, तर म्हणायची, "शेवट मालक देतो. फुकटात. मी कशाला कागद घालवू?"

अशा आमच्या आवारात एक दिग्दर्शक आला. मालकाच्या भाच्याचा मित्र म्हणून फाटकातून आत आला, नाहीतर कोण घेतं? दाढी, खांद्यावरून घसरणारी पिशवी, आणि प्रत्येक वाक्याआधी "अप्रतिम". "मावशी, अप्रतिम. हे बाहेर यायला हवं. आमची संस्था स्पर्धेत करेल. लिहून द्या." आत्याने रविवार घालवून लिहून दिलं. शेवटच्या ओळी अशा होत्या: मुकादम म्हणतो, बोल. भोंगा होतो. बस. पुढे कोरं.

तालमीला बोलावतो म्हणाला, बोलावलं नाही. फोन केला की "मावशी, अजून कच्चं आहे". प्रयोगाच्या दिवशी मात्र तीन पास आले. आईने ठेवणीतली साडी नेसली आणि हात पदराखाली घेतला. आत्याने चपलांना पॉलिश केलं. आम्ही शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो.

रंगमंचावर पांढऱ्या स्वच्छ चादरी, निळा उजेड, मागे रडकं व्हायोलिन. आमच्या कारखान्यात व्हायोलिन वाजलं असतं तर मुकादमाने ते रोलरमधून काढलं असतं. पण ठीक आहे, म्हटलं, सजवू देत. आईचं काम करणारी पोरगी चांगली होती, खरंच चांगली. मुकादम "बोल" म्हणाला. आत्या खुर्चीत पुढे सरकली. भोंगा झालाच नाही. पोरगी गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात जोडले, आणि म्हणाली, "चूक माझी होती, साहेब. मीच गप्पांत होते." मग मुकादमाचे डोळे भरून आले. त्याने तिला उठवलं. व्हायोलिन सुटलंच.

लोक टाळ्या वाजवत होते. आई शेजारच्या बाईकडे वळून हळूच म्हणाली, "मी असं म्हटलं नव्हतं."

बाई म्हणाली, "शूऽऽ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या "शूऽऽ"ने. आयुष्यात मी मोर्चांत घोषणा देत लाठ्या खाल्ल्या, पण तो "शूऽऽ" जास्त लागला.

आत्या विंगेत घुसली. दिग्दर्शक फुलं घेऊन उभा होता.

"कोणाचा शेवट हा?"

"मावशी! अप्रतिम झालं ना? अहो, तुमची शेवटची पानं मिळालीच नाहीत. गहाळ झाली असणार. स्पर्धा तोंडावर, मग आम्ही पूर्ण केलं."

"गहाळ? मी लिहिलंच होतं तेवढं. भोंगा होतो, वाचलं नाहीस?"

"वाचलं ना. पण भोंग्यानंतर काय? प्रेक्षकांना शेवट लागतो, मावशी."

"लागतो तर स्वतःच्या आईच्या तोंडात घाल! माझ्या वहिनीच्या तोंडात कशाला घातलास? आणि विचारायला काय झालं होतं? जीभ गहाण टाकली होतीस?"

"रागावू नका. बघा, उत्तेजनार्थ बक्षीस तरी नक्की मिळणार."

"उत्तेजन तुला. मी आधीच पेटलेली आहे."

तो म्हणाला, पुढच्या प्रयोगाला बदलतो. तोंडाला पानं पुसली. मधे काही महिने गेले आणि स्पर्धेतल्या निवडक एकांकिकांचं पुस्तक निघणार असल्याचं पत्रकच आलं. प्रकाशन समारंभ, लेखकांचा सत्कार, आणि "यातील एका गाजलेल्या एकांकिकेचा प्रयोग". कोणती, ते सांगायला नको.

आत्या मला घेऊन प्रकाशकाकडे गेली. छोटं कार्यालय, छतापर्यंत पुस्तकांचे गठ्ठे, आणि गठ्ठ्यांमधल्या फटीत प्रकाशक. माणूस गोड. गोड माणसांचा मला फार अनुभव आहे. ओरडणाऱ्याला निदान उलटून ओरडता येतं. त्याने आमच्यासाठी चहा मागवला आणि छापून झालेली प्रत पुढे ठेवली. दीड पान तसंच. वर आत्याचं नाव.

"प्रुफं दिग्दर्शकांनी तपासली, ताई. आम्हाला काय माहीत?"

"आता माहीत झालं ना? ते पान काढा."

"बांधणी झाली हो. पुढच्या आवृत्तीत नक्की. हवं तर शुद्धिपत्र चिकटवू."

"ते काय असतं?"

"छोटी चिठ्ठी. अमुक पानावर अमुक चुकलंय, असं."

आत्या म्हणाली, "मग लिहा: या पानावर बाई बोलते, खऱ्यात ती बोलली नाही."

प्रकाशक हसला. "ताई, शुद्धिपत्र कानामात्रेसाठी असतं."

आत्याने चहा तसाच ठेवला. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ही समारंभाला थुंकायलाही जाणार नाही. खोलीवर आली, पडदा सारला आणि म्हणाली, "वहिनी, समारंभाला जायचंय. आणि सगळ्या खात्यांतल्या बायका आपल्याबरोबर येणार आहेत."

आई म्हणाली, "परत ते बघायला मी नाही येणार."

"ते नाही बघायचं. आपलं बघायचं."

सभागृहाच्या दारावरचा माणूस आमचा घोळका पाहून गडबडला. धोबीणकाकू त्याला म्हणाली, "लेखिकेकडचे आहोत, बाजूला हो." भाषणं झाली. एका वक्त्याने आत्याच्या लेखणीत "क्षमेचा ओलावा" आहे असं सांगितलं. माझ्या शेजारी बसलेली, कारखान्यात चादरी सुकवणारी ड्रायरवाली पुटपुटली, "ओलावा? हिच्यात? ही तर ओल्या चादरीलाही कडक करून सोडते." आत्याने सत्काराची फुलं घेतली, खाली येऊन आईच्या मांडीवर टाकली, आणि नाटक सुरू झालं.

मुकादम म्हणाला, "बोल."

आत्या उठली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि भोंगा वाजवला. तोंडाने. इतकी वर्षं तो कानात साठला होता, तो सगळा बाहेर काढला. बारीक सुरू होऊन वर चढत जाणारा, न संपणारा. पहिल्या रांगेतल्या वक्त्याचा चष्मा निसटला.

आणि बायका उठल्या. कोणी ठरवलं नव्हतं; पायच उठले. सगळ्या रांगांमधून निघून दाराकडे चालायला लागल्या, जशा त्या दिवशी चालल्या होत्या. अर्ध्या वाटेवर धोबीणकाकू थांबली. मागे वळून बघितलं. आई तिच्या खुर्चीपाशी एकटी उभी होती.

"नाही गं बाई," काकू म्हणाली, "या वेळी नाही."

ती परत फिरली. मग ड्रायरवाली फिरली. मग सगळ्याच. येऊन आईच्या भोवती उभ्या राहिल्या. कोणी घोषणा दिली नाही, आणि मी तिथे असून घोषणा दिली नाही म्हणजे समजा.

रंगमंचावर ती पोरगी अर्धवट वाकून आमच्याकडे बघत होती. विंगेतून दिग्दर्शक दबक्या आवाजात ओरडत होता, "पुढचं वाक्य! चूक माझी! चूक माझी!" आयुष्यात पहिल्यांदाच तो खरं बोलत होता. पोरगी सरळ उभी राहिली. तोंड मिटलं. मग कोणीतरी पडदा पाडला.

ती आमच्यामागे बाहेर पायऱ्यांवर आली, रंग तसाच. चिडलेली होती. "तुमच्या भांडणात माझं काम गेलं! मी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

आत्या तोंड उघडणार तेवढ्यात आईने पदराखालून हात काढला. आखडलेल्या बोटांनी पोरीची हनुवटी धरली. "काम छान करतेस. ते एक वाक्य म्हणू नकोस, एवढंच."

पोरगी त्या हाताकडे बघत राहिली. पुढच्या प्रयोगात तिने ते वाक्य म्हटलं नाही, असं आम्हाला नंतर कळलं. त्याच्या पुढच्या प्रयोगात तिच्या जागी दुसरी होती, आणि ती म्हणाली.

झालं ते एवढंच. पुढची आवृत्ती निघाली, दीड पान तसंच आहे. आत्याने नंतर लिहिलेलं कोणाला छापायला दिलं नाही. देणारही नाही म्हणते, आणि मी तिला सुचवायला गेले की पडदा ओढून घेते. आई आता कमी बोलते, पण कोणी पुस्तकाचं नाव काढलं की हात पदराखाली जातो.

तेव्हा ते पुस्तक तुमच्या हाती पडलं तर माझं ऐका. मुकादम "बोल" म्हणतो तिथपर्यंत वाचा आणि पुस्तक मिटा. पुढचं आमचं नाही. माझी आई बोलली नव्हती.