कोळंबीची अ‍ॅलर्जी

मूळची अलिबागची बाई कोळंबी खात नाही, हे आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी लोकांच्या पचनी पडत नव्हतं. कुठल्याही पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेलं की कुणीतरी माझ्या ताटात डोकावून म्हणायचंच, "अगं, कोकणातली ना तू?" शेवटी एकदा वैतागून मी म्हणून टाकलं, "अ‍ॅलर्जी आहे." विषय संपला. अमेरिकेत अ‍ॅलर्जीपुढे कुणाचं काही चालत नाही.

खरं कारण साधं होतं. आम्ही ज्यू. बेने इस्राएल. पिढ्यान् पिढ्या कोकणात राहिलेले, घरीदारी मराठी बोलणारे, आडनावाच्या शेवटी 'कर' लावणारे. मासा खवल्यांचा असेल तरच आम्हाला चालतो, म्हणून कोळंबी नाही, खेकडा नाही. अलिबागला हे कुणाला सांगावं लागत नसे, शेजारीपाजारी जाणून होते. इथे आडनाव ऐकून सगळ्यांनी आम्हाला आपल्यातलं धरलं. आपल्यातलेच होतो की आम्ही! मग मीही काही खुलासा करत बसले नाही.

करणार तरी कशाला? आधी प्लेनोला होतो तेव्हा एकीला सांगितलं होतं. त्यानंतर तिच्याकडे जेवायला गेलं की तिचा नवरा मला इस्राएलच्या त्या लांबच्या युद्धाचा जाब विचारायचा, जणू रणगाडे माझ्या गॅरेजमधून सुटतात. दुसरा एक जण त्याच्या उलट, "तुम्ही लोक म्हणजे वाघ!" म्हणून पाठ थोपटायचा. अरे बाबा, मी झुरळाला घाबरते! त्यात आमच्या प्रार्थनामंदिराच्या दारात आता बंदूकवाला पहारेकरी बसतो, मुलांच्या बॅगा उघडून बघतो. म्हणून मॉरिसव्हिलला आल्या आल्या मी लेकाला बजावलं, "शाळेत कुणाला सांगायचं नाही. बेस्ट फ्रेंडलासुद्धा नाही."

या वर्षी लेक तेरा वर्षांचा झाला, म्हणजे त्याची बार मिट्झवा आली. मुंजीसारखंच समजा. त्याला एकाच मित्राला बोलवायचं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. "आई, ही इज माय बेस्ट फ्रेंड," एवढंच म्हणून तो खोलीत गेला आणि दार आपटलं. तेव्हापासून घरात नुसती धुसफूस.

तो मित्र म्हणजे माझ्या मैत्रिणीचा मुलगा. ती दोन घरं पलीकडे राहते, पुण्यात वाढलेली, तोंडाने फटकळ पण जिवाला जीव देणारी. तिच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आणि ती मात्र खरी. एकदा ते पोर निळं पडलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून इंजेक्शनचं पेन कायम तिच्या हाताशी असतं. माझी अ‍ॅलर्जी कळल्यावर ती कोळंबी तळायची ती वेगळ्या कढईत, वेगळ्या झाऱ्याने, आणि वर मला बजावायची, "त्या बाजूला फिरकूसुद्धा नकोस." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण एकदा बोलून बसलेलं गिळायचं कसं?

त्या रविवारी दुपारी तिच्याकडे सिनेमा बघायला जमलो. शाळेत मुलांना महायुद्धाचा धडा चालू होता आणि त्यांच्या बाईंनी हा सिनेमा सुचवला होता. नाव ऐकलं तेव्हाच मी टाळायला हवं होतं. तिचा नवरा ऑफिसच्या कामाला गेलेला, माझा कारसाठी टायर घ्यायला. आम्ही दोघी, दोन पोरं, आणि पुण्याहून तिच्याकडे आलेली तिची आई. पोरं खाली गालिच्यावर एका गोधडीत शिरली. काकू बटाटेवडे आणून आणून देत होत्या.

सिनेमात एका खेड्यातली शाळा. एक नवा मुलगा येतो, नाव बदललेलं, तो ज्यू आहे हे फक्त हेडमास्तरांना माहीत. तिथल्या एका दांडगट पोराशी त्याची गट्टी जमते. दोघं सफरचंदं चोरतात, एकमेकांच्या खोड्या काढतात. मग एक जर्मन लष्करी अधिकारी तपासणीला येतो आणि सगळ्यांना रांगेत उभं करून एकेकाला चर्चमधली प्रार्थना म्हणायला लावतो.

"त्याने मित्राला आधीच सांगायला नको होतं का?" मैत्रीण म्हणाली. "एवढं काय लपवायचं मैत्रीत?"

"जिवावर बेततं ना, तेव्हा कळतं," मी म्हटलं. जरा जास्तच जोरात. लेकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

पडद्यावर त्या मुलाची पाळी आली. त्याला प्रार्थना येईना. शेजारी उभा असलेला मित्र त्याला कळावं म्हणून नुसते ओठ हलवून शब्द सांगू लागला. आणि अधिकाऱ्याची नजर नेमकी त्या हलणाऱ्या ओठांवर गेली. हात आपोआप बशीकडे जात होता, वडा चटणीत बुडवून तोंडात जात होता. दुसऱ्या घासाला मला तो वास आला. लहानपणी शेजारच्या घरात तव्यावर भाजायचे, तो.

"काकू, चटणीत काय आहे?"

"सुकट गं! थोडी पूड घातलीय लसणाबरोबर. आवडली ना?"

सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. घास पेपर नॅपकिनमध्ये थुंकला, पण ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"आई! तिला अ‍ॅलर्जी आहे!" मैत्रीण किंचाळली. तिने सिनेमा थांबवला, ड्रॉवर उघडला आणि पेन घेऊन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. "मांडी सरळ कर. जीन्सवरून टोचलं तरी चालतं. फोन लावा रे कुणीतरी, नाइन वन वन!" तिच्या मुलाने फोन उचललासुद्धा. काकू "देवा, काय केलं मी हे" म्हणत उभ्या होत्या. माझा लेक जागचा हलला नाही. तो फक्त माझ्याकडे बघत होता.

अँब्युलन्स दारात येणार होती. ती सुई खसकन मांडीत जाणार होती. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"थांब. मला काही झालेलं नाही. अ‍ॅलर्जी नाहीये मला."

"मूर्खासारखं बोलू नकोस, पांढरीफटक पडलीयेस तू!"

"अगं, आम्ही ज्यू आहोत. आम्हाला कोळंबी चालत नाही. बाकी काही नाही."

फोन हातात धरलेला मुलगा तसाच थांबला. माझ्या लेकाने मोठा श्वास सोडला आणि त्याला म्हणाला, "आय वॉन्टेड टू टेल यू." तो म्हणाला, "ड्यूड!" आणि फोन बाजूला टाकून पुन्हा गोधडीत शिरला.

पहिल्यांदा बोलल्या त्या काकू. "म्हणजे शनवार तेली का गं तुम्ही? माझ्या माहेरी पेणला होते की! शनिवारी घाणा बंद ठेवायचे. माझ्या आईची मैत्रीणच होती त्यांच्यातली. अगं पोरी, आधी सांगायचंस ना, मी साधी चटणी वाटली असती." आणि त्या खरंच साधी चटणी वाटायला आत गेल्या.

मला हसू यायच्या बेतात होतं. पण मैत्रीण तशीच गुडघ्यांवर बसलेली. पेन अजून तिच्या मुठीत.

"मला वाटलं तू मरतेयस," ती म्हणाली.

"सॉरी गं. लोक काय काय बोलतात, तुला माहीत नाही. प्लेनोला..."

"मी लोक आहे?"

मी हातातल्या पेपर नॅपकिनची घडी घालू लागले.

"तुला काय वाटलं, मी तुला पकडून देईन?"

'छे, वेडी आहेस का' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण लेक ऐकत होता. आणि तिच्यासमोर आणखी एक खोटं बोलायची मला लाज वाटली.

"हो," मी म्हटलं. "तशीच भीती वाटायची."

ती उठली. पेन ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवर लोटला, आणि माझ्याकडे न बघता सुकटीच्या चटणीची बशी उचलून आत नेली.